डाव्या कानाची मेंढी

मी जन्मभर सगळं उलटं कोरत आलो. धंदाच तसा होता. लाकडी ठशाला शाई लावून तो कागदावर दाबला की आरशात होतं तसं चित्र फिरतं, डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणजे पुस्तकातली पोरगी उजव्या हाताने जेवायला हवी असेल, तर ठशावर तिला डाव्या हाताने जेवायला बसवायचं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी हे विसरलो आणि लग्नाची अख्खी पंगत डाव्या हाताने जिलबी खाताना छापली गेली. आमचे मालक बापूसाहेब चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ ते प्रूफ पाहत राहिले. मग म्हणाले, "शंकर, हे कुणाकडचं लग्न रे? सांगून ठेव, आपण जेवायला नको जायला."

साताऱ्यात आमचा छापखाना होता. मी मूळचा उंब्रजचा, सुताराचा. वडील बैलगाड्या बनवायचे आणि गाडीच्या पुढच्या फळीवर मी मोर, घोडे, वेलबुट्टी कोरायचो. अशीच एक गाडी बापूसाहेबांनी बाजारात पाहिली आणि गाडीवाल्याकडून माझा पत्ता काढून घरी आले. लढाई चालू होती. चित्रांसाठी मुंबईहून यायचे ते जस्ताचे ठसे मिळेनासे झाले होते, आणि बापूसाहेबांना तर मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायचा नाद लागलेला. वडिलांना वाटलं, छापखान्यात टेबलं-खुर्च्या करायच्या असतील. पोरगा लाकडावर वांगी कोरण्याचा पगार घेतो, हे त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही.

वांगी म्हणालो, कारण माझं पहिलं पुस्तक भाज्यांच्या गाण्यांचं होतं. लिहिणारे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा हट्ट असा, की गाण्यातल्या वांग्याला चष्मा हवा आणि तो त्यांच्या चष्म्यासारखाच हवा. रोज चार वाजता येऊन ते माझ्यासमोर चेहरा स्थिर धरून बसायचे. मी आधी चष्मा कोरला, मग हळूच वांग्याला त्यांची गालफडंही दिली. मास्तरांना ते कळलं नाही, त्यांच्या नातवंडांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं. दुसरं पुस्तक रोजच्या घरकामाचं होतं. पाणी भरणं, सारवणं, दळण, भाकरी. ते लिहिणाऱ्या बाई काटेकोर होत्या. भाकरीच्या चित्रात त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तवा चुलीवर आहे, परात आहे, पाणी कुठाय? पाणी न लावता भाकरी थापतात का तुमच्याकडे?" मग परातीशेजारी गुंजभर जागेत मी तांब्या कोरला. त्या तांब्याला बघून पोरी खूश व्हायच्या, हे पुढे मी डोळ्यांनी पाहिलं. मुलं चित्र बघत नाहीत, तपासतात. हे मला त्या बाईंनी शिकवलं, पण पुरतं अंगात मुरलं ते म्हाकूबाईमुळे.

बापूसाहेबांना तिसरं पुस्तक हवं होतं एका जुन्या गोष्टीचं. छापील पुस्तकातून उचललेली नको, कुणीतरी तोंडाने सांगत आलेली हवी. पौषात मी चार दिवस घरी गेलो, तेव्हा चुलत्याच्या मळ्यात मेंढरं बसवली होती. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले धनगर हिवाळ्यात कृष्णाकाठी येतात, रात्री मेंढरं शेतात बसतात, शेताला खत मिळतं आणि धनगराला धान्य. धनगरांच्या त्या मुक्कामाला वाडा म्हणतात. त्या वाड्यावर एक म्हातारी मेंढ्यांच्या पोरांना आणि माणसांच्या पोरांना एकाच आवाजात हाका मारत होती. ती म्हाकूबाई.

तिची गोष्ट होती बाणी नावाच्या मेंढीची. रोज चालून चालून बाणी कंटाळते आणि नदीकाठच्या उसात बसून राहते. कळप पुढे जातो. ऊस खाऊन बाणी अशी गुबगुबीत होते, की जो तो म्हणतो, ही माझी मेंढी. पाटील म्हणतो माझी, शेटजी म्हणतो माझी, फौजदारही म्हणतो माझी. मग लांबून तिची म्हातारी येते आणि विचारते,

कुनाची गं बाणे, कुनाची गं तू?
कान माझा चाचप, वळखशील तू.

म्हातारी कान चाचपते, डाव्या कानाला खाच लागते. बाणी घरी जाते. गोष्ट सांगताना म्हाकूबाई या ओळींवर आली की सगळी पोरं एकमेकांचे कान धरायची आणि एकच कालवा व्हायचा. मी तिथेच ठरवलं, तिसरं पुस्तक हेच.

मी गोष्ट लिहून घेतली आणि ऐटीत पेन्सिलीने मेंढी काढून दाखवली. मेंढी मी एका विलायती पुस्तकात पाहिलेली, पांढरीफेक, गोल, कुरळ्या लोकरीची. म्हाकूबाईने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे काय रं? उशीला पाय फुटल्यात व्हय?"

सगळा वाडा हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले. मग तिने खरी बाणी धरून माझ्यासमोर उभी केली. काळी, सडपातळ, लोंबत्या कानांची, बाकदार नाकाची. डाव्या कानाला टोकाशी खाच.

"ही आमची खूण हाय," ती म्हणाली. "सासऱ्यानं मरताना मेंढरं वाटली. थोरल्याला उजव्या कानाची, आमच्या मालकाला डाव्या कानाची. मुलखात कुटंबी जा, डावा कान दिसला की म्हाकूबाईचं जितराब."

गोष्ट द्यायला ती तयार होती, पण एका अटीवर.

"छापायच्या आदी मला दाव. माज्या डोळ्यांम्होरं धूर येतूया आताशा. कवा इजतील सांगता याचं न्हाई. आजपतोर आमचं काय बी कुनी पुस्तकात घातलं न्हाई, लेकरा. मेंढी माजीच हाय का, एवडं मला बघू दे."

मी शब्द दिला. शिमग्याच्या आत येतो म्हणालो.

आता माझा शहाणपणा ऐका. एरवी मी पातळ कागदावर चित्र काढायचो, तो कागद लाकडावर पालथा घालून घासायचो आणि उमटलेल्या रेषा कोरायचो. कागद पालथा घातला की चित्र आपोआप उलटं होतं आणि डोक्याला ताप राहत नाही. पण या मेंढीला विलायती वारा लागू नये म्हणून मी घासून गुळगुळीत केलेला शिसवीचा ठोकळाच दुसऱ्या दिवशी वाड्यावर नेला. बाणीला समोर उभी करून थेट लाकडावर काढली. नाक, खुबे, कान, कानाची खाच, सगळं जसंच्या तसं. एवढी काळजी मी आधी कधी घेतली नव्हती आणि एवढी मोठी चूकही कधी केली नव्हती. पण हे कळायला आठ महिने लागले.

शिमगा आला आणि गेला. लग्नसराईच्या पत्रिकांनी छापखाना भरून गेला, आणि कागदाचं परमिट तर मिळायचं नावच घेईना. मेंढी कोरून तयार होती. बाकीची सात चित्रंही झाली. प्रूफ निघालं, चौघांनी तपासलं, चौघांनी वाहवा केली. बापूसाहेबांनी ऱ्हस्वदीर्घ पाहिले. मी मात्र जायचं उद्यावर ढकलत राहिलो. या एका गोष्टीची टोचणी मला अजून आहे. शिमग्याला गेलो असतो, तर तिने ती मेंढी डोळ्यांनी पाहिली असती.

नागपंचमी होऊन गेल्यावर एकदाचा कागद आला. बापूसाहेब म्हणाले, "सोमवारी छपाई सुरू." मी म्हणालो, "मग शुक्रवारी मला जाऊन यायला हवं." मेंढरं केव्हाच पूर्वेला आपल्या मुलखात परतली होती. आटपाडीच्या पुढे तिचं गाव. मी मेंढीचा ठसा आणि तिच्यासमोर छापून दाखवायला एक कोरा रुमाल पिशवीत घालून कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसलो. चढ आला की आम्ही उतरायचो आणि मोटार विचार करत वर चढायची.

ते दिवस असे, की कुठल्या गावात सरकार कुणाचं, इंग्रजांचं की भूमिगतांचं, हे तिथे पोचल्यावरच कळायचं. चोरून पत्रकं छापली जात होती. त्यामुळे वाटेत एका ठाण्यापाशी मोटार थांबवून झडती झाली, तेव्हा माझ्या पिशवीतला छपाईचा ठसा बघून हवालदाराचे डोळे चमकले.

"काय छापतूस ह्याच्यानं?"

"मेंढी."

"आन् त्या मेंढीखाली काय लिवतूस?"

मी लहान मुलांची पुस्तकं, गाणी, गोष्टी असं सगळं सांगितलं. मोठ्या मिशांच्या माणसाला हे सांगताना माझं मलाच खोटं वाटू लागलं. शेवटी तो म्हणाला, "छापून दाव." टेबलावर शिक्के मारायचं जांभळ्या शाईचं पॅड होतं. ते ठशावर थोपटलं, एक पाठकोरा कागद घातला आणि मुठीने दाबला. मेंढी झकास उठली. हवालदार कागद हातात घेऊन बघतच राहिला.

"सरकारच्या इरोधात काय म्हनत न्हाई न्हवं ही?"

"नाही. ऊस खाते फक्त."

"कुनाचा?"

"पाटलाचा."

"मग खाऊ दे," तो म्हणाला, आणि मला सोडलं. छापलेला कागदही माघारी दिला. गोष्टीत पुढे फौजदार येतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

म्हाकूबाईच्या घरी पोचलो तेव्हा ती दारात बसून लोकर पिंजत होती. मी समोर उभा राहिलो, तरी ती माझ्या पलीकडेच बघत होती. सून म्हणाली, "आत्याबाईस्नी आता काय दिसत न्हाई. जेठात गेलं." मी खाली बसलो आणि म्हणालो, "आजी, उंब्रजचा शंकर सुतार. लय उशीर केला मी."

"केलास खरा," ती म्हणाली. रागावली नव्हती, हेच वाईट. "आनलीस व्हय मेंढी? आता बघू कशानं?"

मी ठसा काढून तिच्या मांडीवर ठेवला. निदान हातात तरी घेईल, इतकंच मनात होतं. तिने पिंजण बाजूला सारलं आणि लाकडावर पंजा ठेवला. मग बोटं हलली. ठशात चित्र वर असतं आणि रिकामी जागा खोल गेलेली असते. हे मी कितीदा लोकांना समजावलं होतं, पण त्याचा असाही उपयोग आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिची बोटं पाठीवरून गेली, पायांवरून उतरली, पुन्हा वर आली, नाकावर थांबली.

"बाणीचंच नाक," ती हळू म्हणाली. मग कानावर आली. अंगठा आणि बोट यांच्यात तिने तो एवढासा कान धरला, खाच लागली, आणि ती एकदम ओरडली, "डावा! डावाच हाय! सूनबाई, आगं बाणी हाय ही, आपली बाणी!"

तिची बोटं जांभळी झाली होती, गालांना जांभळी शाई लागली होती, आणि ती हसत होती. शेजारच्या बाया जमल्या. मी मनातल्या मनात आनंदाने नाचत होतो. त्या भरात खिशातून हवालदाराचा कागद काढला आणि सुनेपुढे धरला, "बघा, पुस्तकात अशी येणार."

सून कागदाकडे बघत राहिली. पदर तोंडाशी गेला.

"आवं, ही तर थोरल्या घरची."

"काय?"

"हिचा उजवा कान फाटलाय. आत्याबाई, तुमची बाणी भावकीनं नेली बगा!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थेट लाकडावर काढलेली मेंढी! ती लाकडावर बरोबर होती, म्हणजे कागदावर चुकीची होणारच. गोष्टीत शब्द 'डावा कान' आणि चित्रात उजवा. चौघं शहाणे प्रूफ वाचून बसले होते, आणि जिला एकही अक्षर येत नव्हतं त्या सुनेने एका नजरेत पकडलं. पुस्तक असंच निघालं असतं, तर मुलखातला प्रत्येक धनगर म्हणाला असता, की म्हाकूबाईने गोष्ट सांगितली खरी, पण मेंढी थोरल्याची. तिने आयुष्यात एकच अट घातली होती, आणि मी नेमकी तीच मोडायला निघालो होतो.

मी सगळं खरं सांगितलं. म्हणालो, "ठसा द्या, दुरुस्त करतो." कान तेवढा कापून तिथे लाकडाची गुल्ली बसवता येते. मेंढीची बाजू बदलत नाही, पण जवळचा कान साबूत करून पलीकडच्या कानाला खाच दिली असती तर वेळ भागली असती.

म्हाकूबाईने ठसा छातीशी धरला. "हिचा कान कापतूस? बरूबर असलेला कान? चल हो तिकडं."

"आजी, सोमवारी छपाई आहे."

"तुज्या कागदाचं तू बघ. ही माजी हाय."

तासभर विनवण्या केल्या. सुनेने चहा दिला, बायांनी सल्ले दिले. ठसा काही मिळाला नाही. मी रिकामी पिशवी घेऊन शनिवारी साताऱ्यात उतरलो.

"ठसा कुठाय?" बापूसाहेबांनी विचारलं.

"म्हाकूबाईकडे."

मग मी उजवा-डावा, भावकी, वाटणी सगळं सांगितलं. बापूसाहेब चिडले. तीस वर्षं धंद्यात असलेला माणूस, कागद महत्प्रयासाने आलेला, यंत्रावर दुसरी कामं रांगेत. "एका मेंढीच्या कानासाठी मी यंत्र थांबवू? कोण बघणार आहे रे तो कान?"

जुळाऱ्याने, म्हणजे आमच्याकडे अक्षरांचे खिळे जुळवायचा त्याने, गोष्टीची प्रुफं टेबलावर ठेवली होती. बापूसाहेब ती उचलून भराभरा वाचू लागले, मला खोटं पाडायलाच. वाचता वाचता 'कान माझा चाचप' आलं, आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. तिथेच थांबले. माझ्याकडे बघितलं, हात खाली घेतला.

"कोर बाबा," ते म्हणाले. "पण आता उलटी कोर."

रविवार आणि सोमवार बसून मी दुसरी बाणी कोरली. ठशावर उजव्या कानाची, कागदावर डाव्या. मंगळवारी यंत्र सुरू झालं. पुस्तक दिवाळीआधी निघालं आणि चाललं. कराडच्या बाजारात एका पोराने विकत घेण्याआधी मेंढीचा कान तपासला, हे मी स्वतः पाहिलं. त्या दिवशी मी स्वतःला जिलबी घेऊन दिली आणि उजव्या हाताने खाल्ली.

हिवाळ्यात मेंढरं पुन्हा कृष्णाकाठी उतरली. मी नवंकोरं पुस्तक घेऊन वाड्यावर गेलो. म्हाकूबाईने ते दोन्ही हातांनी घेतलं, पान उघडून त्यावरून तळवा फिरवला. एक पान, दुसरं पान, तिसरं.

"ह्यात काय न्हाई, गड्या," ती म्हणाली. "सगळं गुळगुळीत हाय."

नातवंडांनी पुस्तक कधीच तिच्या हातून ओढून घेतलं होतं. तिने घोंगडीखालून शिसवीचा ठोकळा काढला. शाई केव्हाच निघून गेली होती आणि हाताळून लाकडाला चकाकी आली होती.

"आमच्या पुस्तकाचं एक पान झालं. फुडली पानं कवा आनतूस?"

मी हसलो, तशी ती म्हणाली, "हसतूस काय? बाणी उसात बसली, फुडं काय झालं ते माज्या बोटास्नी कळायला नगं?"

मग पुढचे दोन हिवाळे मी तिच्यासाठी उरलेली सात चित्रं कोरली. ठशावर पहिल्यांदाच मुद्दाम सुलटी. रेषा जाड ठेवल्या, ऊस उंच ठेवला, पाटलाच्या पागोट्याला चांगली खोली दिली. बापूसाहेबांनी शिसवीचे तुकडे वापरू दिले आणि कशासाठी ते विचारलं नाही. एकेक ठसा घेऊन गेलो की ती तो चाचपायची, पोरं भोवती बसायची, आणि ती बोटांनी वाचून गोष्ट सांगायची. फौजदाराच्या मिशांपाशी ती दरवेळी थांबून हसायची.

शेवटचा ठसा म्हातारी येऊन बाणीला ओळखते त्या जागेचा. म्हाकूबाईची बोटं बाणीवरून गेली, कान धरलेल्या हातावर आली, हातावरून खांद्यावर, पदरावर, चेहऱ्यावर.

"ही कोन म्हातारी?"

"तुम्हीच की, आजी."

कपाळ, गालांच्या सुरकुत्या, हनुवटी, सगळ्यांवरून ती सावकाश गेली. आपल्याला कुणी असं कुठे काढलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मग तिचं बोट नाकावर येऊन थांबलं.

"नाक लय मोटं केलंस, सुतारा."

मी काही बोलायच्या आत तिने दुसरा हात वर नेला आणि आपलं स्वतःचं नाक चाचपलं. एक बोट लाकडावर, एक बोट नाकावर.

"न्हाई," ती म्हणाली. "बरूबर हाय."